राजीखुशी फार काळ टिकली नाही

इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवीत पार्लमेंटला लोकांनी राजीखुशीने पैसा पुरवला, असे एक मत मांडले जाते. ते १६४२ च्या उन्हाळ्यापुरते ग्राह्य आहे. लंडनकरांनी तेव्हा चांदीची भांडी गिल्डहॉलमध्ये, म्हणजे शहराच्या नगरसभागृहात, आणून दिली आणि बायकांनी शिवणाची अंगुस्तानेदेखील दिली, अशी टवाळी विरोधक करत. फेब्रुवारी १६४३ पासून मात्र प्रत्येक काउंटीवर (जिल्ह्यावर) ठरावीक साप्ताहिक रक्कम बसवण्यात आली, आणि जो भरणार नाही त्याची गुरे, धान्य, घरातील सामान जप्त करून विकण्याचा अधिकार वसुलीदारांना मिळाला. ज्या पार्लमेंटने राजाच्या ‘शिप मनी’ला, म्हणजे पार्लमेंटच्या संमतीविना आरमारासाठी बसवलेल्या कराला, बेकायदा ठरवले होते, तिनेच हे करावे, हा विरोधाभास समकालीनांच्याही नजरेतून सुटला नव्हता.

जुलै १६४३ मध्ये पार्लमेंटमधील नेता जॉन पिम याच्या पुढाकाराने बिअर, तंबाखू इत्यादींवर अबकारी कर आला आणि पुढच्या वर्षी तो मांस व मिठावरही बसला. मालमत्तेवर आकारला जाणारा आधीचा साप्ताहिक कर गरिबाला फारसा शिवत नसे. अबकारी कर मात्र थेट त्याच्या ताटात उतरला. फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनमधील स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजारात जमावाने अबकारी कचेरीच जाळली. जूनमध्ये मांसावरचा आणि देशी मिठावरचा कर मागे घ्यावा लागला. बिअरवरचा मात्र कायम राहिला.