जुनी रायफल: भाव लिलावाचा धरायचा की घरगुती सौद्याचा?

गंगापूररोडकर

निफाड तालुक्यातल्या एका वाड्यात मार्टिनी-हेन्री, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतली जुनी रायफल आहे. पिढीजात, परवान्यावर नोंदलेली. आताच्या मालकांना ती ठेवायची नाही. आमच्या नाशिकच्या संग्राहक मंडळींतल्या एकाने ती पाहिली, मालकांनी आकडा सांगितला आणि आमच्यात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, समोरासमोर बसून ठरतो तोच खरा भाव. लिलावातले आकडे म्हणजे दोन हट्टी श्रीमंतांची चुरस. माझं मत नेमकं उलट आहे, म्हणून हा धागा.

घरगुती सौद्यात भाव ठरतो तो कुणाला किती घाई आहे यावर. मालकाला मुलीचं लग्न काढायचं असेल तर वस्तू पडत्या भावाने जाते, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांत हाव दिसली की तीच वस्तू दीडपट होते. यात रायफलीचं स्वतःचं मोल कुठे आलं? लिलावात निदान अनेक जाणकारांनी वस्तू पाहिलेली असते आणि शेवटच्या बोलीच्या एकच पायरी खाली दुसरा कुणीतरी खरे पैसे घेऊन उभा असतो. तो दुसरा माणूस हाच माझ्या मते भावाचा पुरावा.

फक्त लिलावाचा आकडा वाचता आला पाहिजे. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. अंदाज होता ६,००० ते ८,००० पौंड. विकली गेली ३८,१०० पौंडांना, आणि महाराष्ट्र शासनाने वाहतूक, विमा वगैरे धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजले. पण हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ती ३०,००० वर. वरचे ८,१०० म्हणजे लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेलं २७ टक्के शुल्क. शिवाय हातोड्याच्या रकमेतून विकणाऱ्याचंही कमिशन सहसा कापलं जातं. म्हणजे एकाच वस्तूचे तीन आकडे झाले: घेणाऱ्याने मोजले ते, हातोडा पडला तो आणि विकणाऱ्याच्या हाती आले ते. घरगुती सौदा पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधे कुठेतरी बसला पाहिजे. लिलावगृहाला गेले असते ते पैसे दोघांनी वाटून घ्यायचे. हे गणित समोर ठेवलं की घासाघीससुद्धा सभ्यपणे होते.

देवळालीचा_आर्मरर

दादा, गणित बरोबर आहे, पण वस्तू कुठाय? माझी उभी नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीत गेली. फोटो पाहून रायफलीचा भाव करणारा माणूस मला पटत नाही.

‘सत्तावनची एनफिल्ड रायफल’ म्हणून लोक जे दाखवतात, त्यातल्या कित्येक रायफली नसतातच. १८५३ च्या मूळ एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची, आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा. बंडानंतर इंग्रजांनी देशी शिपायाच्या हाती रायफल देणं टाळलं आणि त्याच घाटाची, पण आतून गुळगुळीत, ०.६५६ इंचाची मस्केट दिली. दस्ता तोच, कुलूप म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा तशीच, दिसायला काही फरक नाही. नळीत उजेड टाकून पाहिल्याशिवाय काय कळणार?

आणि ठासणीच्या बंदुकीत डोकावण्याआधी गज आत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोक बत्तीच्या छिद्राच्या बरंच अलीकडे राहिलं, तर आत पणजोबांच्या काळचा बार तसाच ठासलेला आहे असं समजा आणि लांब व्हा. तो जाणकारानेच काढायचा. वाड्यांतून भिंतीवर टांगलेल्या बंदुकी अशा भरलेल्या निघतात.

मार्टिनीचं सांगतो. उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, मग एनफिल्ड हे कारखान्याचं नाव आणि सन. राणी व्हिक्टोरिया वारली जानेवारी १९०१ मध्ये. तिच्या शिक्क्याखाली १९०५ कोरलेलं दिसलं, तर ती वायव्य सरहद्दीकडच्या गावठी कारखान्यातली नक्कल. तिथले कारागीर हाताचे पक्के, पण इंग्रजी अक्षर न वाचताच कोरायचे. एनफिल्डमधला एन उलटा पडतो तो त्यामुळेच. हे सगळं ओसरीवर बसून, रायफल मांडीवर घेऊन, दोन तास बघता येतं. लिलावात ‘आहे तशी’ असं छापलेलं असतं आणि नंतरची तक्रार सहसा कुणी ऐकत नाही. म्हणून मी घरगुती सौद्याच्या बाजूने.

गंगापूररोडकर

काका, हे सगळं तुम्हाला कळतं म्हणून तुम्हाला ओसरी परवडते. नवख्या माणसाला त्याच ओसरीवर चहा देऊन नक्कल गळ्यात मारतात. मोठ्या लिलावगृहांत आधी वस्तू पाहण्याचे दिवस असतात, मागितला तर स्थितीचा लेखी अहवाल मिळतो. घरगुती सौद्यात लेखी काय मिळतं? ‘आमच्या खापरपणजोबांनी साहेबाकडून जिंकली’ ही गोष्ट. गोष्टीचे पैसे मी देणार नाही. जुना परवाना, खरेदीची पावती, एखादं सरकारी पत्र असेल तर जरूर देईन, आणि थोडे जास्तच देईन.

सीबीएस_वकील

भावाआधी कायदा बघा, मंडळी. रायफल म्हणजे नाणं नव्हे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. नुसतं ‘शंभर वर्षं जुनं आहे’ एवढ्याने भागत नाही, आणि चालेल की नाही हे घेणाऱ्या-विकणाऱ्याने आपसात ठरवायचं नाही. संबंधित प्राधिकाऱ्याकडून लेखी घ्या. बाकी हत्यारांना दोन्हीकडे परवाना हवा. खासगी विक्रीआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणं कलम ५ मध्ये सांगितलं आहे. नाशिक शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कचेरीत चालतं. निफाडची रायफल शहरात येणार असेल तर दोन्हीकडे कागद हलतील. आज बघितली, उद्या उचलली, असं होत नाही.

गंगापूररोडकर, आता तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली आली तर ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे निफाडची रायफल लंडनच्या हातोड्याखाली कधी जाणारच नाही. ज्या बाजारात वस्तू नेता येत नाही, त्या बाजाराचा भाव तिला कसा लावता? इथे घेणारा परवानाधारक हवा, त्याच्या परवान्यावर जागा हवी. असे गिऱ्हाईक जिल्ह्यात किती निघतील? इथला भाव त्यांच्यावर ठरणार.

कॉलेजरोड_ते_टेक्सास

मी मूळचा नाशिकचा, सध्या डॅलसजवळ. इथे हा छंद मोकळेपणाने करता येतो म्हणून लिहितो. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार १९६८ च्या केंद्रीय कायद्याखाली ‘अँटिक’ धरलं जातं. परवानाधारक विक्रेत्याला मधे न घेता ते विकता येतं, राज्याचे नियम वेगळे असले तर ते पाळून. त्यामुळे एकाच मॉडेलची १८९७ ची रायफल १९०० च्या रायफलीपेक्षा महाग जाते. लोखंड तेच, लाकूड तेच. तेव्हा वकीलसाहेबांचं बरोबर आहे, कायदा भावात शिरतो.

पण लिलावाच्या भावावर डोळे मिटून विसंबू नका याचं दुसरं कारण सांगतो. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि मार्टिनी आणि ब्रन्सविक रायफली, ठासणीच्या मस्केट हजारोंनी इथल्या बाजारात आल्या. जी वस्तू दुर्मीळ म्हणून जपली जात होती ती टपालाने घरपोच मिळू लागली. जुने हातोडे त्या दिवशी निकामी झाले. म्हणून आकड्यासोबत साल बघा.

त्या मालातल्या बऱ्याच रायफलींवर देवनागरी अक्षरं-अंक आहेत. त्या नेपाळी लष्कराच्या खुणा. आपल्याकडे कुणी देवनागरी शिक्का दाखवून ‘संस्थानी’ किंवा ‘मराठेशाहीतली’ म्हणून जास्तीचे पैसे मागितले तर सावध राहा. मार्टिनी-हेन्री इंग्रजांच्या फौजेतच १८७१ मध्ये आली, पेशवाई १८१८ मध्ये संपली.

चांदोरीची_सून

तुम्ही सगळे घेणारे बोलताय. मी विकणाऱ्यांपैकी आहे.

सासऱ्यांच्या परवान्यावर तीन हत्यारं होती. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच ठेवता येतात असं झालं आणि तिसरं वर्षभरात जमा करायची वेळ आली. ही बातमी घरात कळायच्या आधी बाहेर कळली. एक खरेदीदार आला, बंदूक हातात घेतली, ‘वहिनी, हे भंगार आहे, तुमची अडचण म्हणून घेतो’ म्हणाला. ज्याला भंगार वाटतं तो वीस मिनिटं खिशातल्या भिंगातून शिक्के कशाला वाचेल? आम्ही दिली नाही. पण त्या मुदतीत ज्यांनी दिल्या असतील त्यांनी काय भावात दिल्या असतील, याचा विचार करा.

ओसरीवर दोन तास बसायला मिळतं म्हणता ना काका, ते दोन तास तुम्ही वस्तू तपासता आणि आम्ही तुमचा चेहरा. तुम्हाला सगळं माहीत आणि आम्हाला काहीच नाही, याला सौदा म्हणायचं का? लिलावाचा छापील आकडा हा आमच्या हातातला एकमेव कागद आहे. तो लंडनचा असो की मुंबईचा, तो ‘लागू होत नाही’ म्हणून काढून घेऊ नका.

देवळालीचा_आर्मरर

ताई, भंगार म्हणून फसवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मी ज्यांच्याकडे जातो त्यांना दोष आणि गुण दोन्ही मोठ्याने सांगतो.

आणखी एक सांगतो, तुमच्याच फायद्याचं. विकायच्या आधी हत्यार पॉलिश करू नका. लोक एमरी कागदाने नळी चांदीसारखी घासतात आणि दस्त्याला टचवूड मारतात. घासण्यात शिक्क्यांच्या कडा जातात, लाकडावरचा सरकारी शस्त्रकोठाराचा गोल ठसा पुसतो, आणि जाणकार पाऊल मागे घेतो. गंज वाढू नये म्हणून तेलाचा हलका हात पुरे.

गंगापूररोडकर

वकीलसाहेबांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, पण अर्धाच. लंडनचा आकडा रुपयांत बदलून निफाडला मागता येणार नाही, ठीक. मात्र त्याच लिलावांत आटे शाबूत असलेली आणि घासून चकाकवलेली, मूळ दस्त्याची आणि बदललेल्या दस्त्याची अशा जोड्या शेजारी शेजारी विकल्या जातात. त्यांच्या भावातलं प्रमाण इथेही लावता येतं. एखाद्या दोषाने किंमत किती उतरते हे सांगणारी दुसरी उघडी वही आपल्याकडे नाही. आणि न विकले गेलेले नगही बघा. तळभाव, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेली किमान रक्कम, गाठला नाही म्हणून परत गेलेली रायफल मागणाऱ्याचा अंदाज कुठे चुकला ते दाखवते.

निफाडच्या रायफलीबाबत मी मालकांना आमच्या तटाच्या वतीने असं सुचवलं आहे: आधी कागद आणि ४५ दिवस. त्या मुदतीत काकांनी तपासणी करून गुणदोष लिहून द्यायचे, त्याची एक प्रत मालकांना. मग भाव, आणि लिलावाचं वाचलेलं शुल्क निम्मं-निम्मं.

देवळालीचा_आर्मरर

तपासणी करीन, लिहूनही देईन. शुल्काची वाटणी मला अजून पटत नाही. जे शुल्क कुणी घेतलंच नाही, त्यातला हिस्सा मालकाला कशापायी? घेणारा परवान्यासाठी हेलपाटे घालणार, पुढची पन्नास वर्षं ती जपणार.

चांदोरीची_सून

मागची शंभर वर्षं ज्यांनी जपली त्यांना म्हणून. माझ्या सासूबाई दर दिवाळीला फडकं आणि तेल घेऊन बसायच्या. तुमच्या लेखी अहवालात दस्ता मूळचा आहे आणि गंज नाही असं आलं, तर ते त्या हातांमुळे आलेलं असेल. निम्मं नाही, माझ्या मते त्याहून जास्त मालकाचं.