अण्णांच्या व्हॉल्व्हला इन्फेक्शन, सहा आठवडे ॲडमिट राहावंच लागतं का?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७२ वर्षांचे, जन्म सगळा यंत्रमागावर गेला, ८ वर्षांपूर्वी हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय. दिवाळीपासून संध्याकाळ झाली की अंग कोमट, ताप कधी शंभरच्या वर गेलाच नाही, पण तीन भाकऱ्या खाणारा माणूस अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरांनी विडाल करून टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, गोळ्या आहेत तोवर बरं, संपल्या की परत तेच, असं तीनदा झालं. आता इकोत व्हॉल्व्हवर काहीतरी चिकटलेलं दिसतंय आणि सहा आठवडे शिरेतून औषध म्हणतात. चार दिवसांत ताप गेला म्हणून अण्णा घरी चला म्हणून मागं लागलेत. गोळ्यांवर भागणार नाही का?

जुळे_सोलापूर_ताई:
दादा अजिबात नेऊ नका. ताप उतरला म्हणजे जंतू मेले असं नसतं, व्हॉल्व्हवर चिकटलेल्या त्या जंतूंच्या गाठीत रक्तवाहिन्या नसतात त्यामुळं औषध आतपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. माझ्या सासूबाईंना आम्ही अकराव्या दिवशी हट्टानं घरी आणलं, पुढच्याच आठवड्यात चहा पिताना कप हातातून सुटला आणि तोंड वाकडं झालं, गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता. अजून बोलताना अडखळतात.

लॅबवाला:
ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, काय आलं? आधी अँटिबायोटिक झालं असेल तर कल्चर कोरं येऊ शकतं, म्हणून औषधाआधी वेगवेगळ्या जागेहून तीनदा रक्त घेतात. विडाल तर आपल्याकडं कुणाचीही पॉझिटिव्ह निघते. आणि म्हाताऱ्या माणसांत ताप चढेलच असं नाही, नुसतं वजन उतरतं आणि घरचे म्हणतात वय झालं. स्ट्रेप गॅलोलिटिकस नावाचा जंतू आला तर आतड्याची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) पण करून घ्या, कधीकधी तिथं कॅन्सर सापडतो.

होटगीरोडकर:
एन्टेरोकॉकस नावाचा जंतू आलाय. प्रोस्टेटमुळं मध्ये लघवीची नळी होती, तिथूनच शिरला असेल म्हणाले डॉक्टर. सुई टोचून टोचून दोन्ही हात काळेनिळे झालेत, शीरच सापडत नाही.

लॅबवाला:
मग पिक लाइनचं विचारा, शिरेत घालायची लांब बारीक नळी असते, दंडातून एकदा बसवली की बरेच आठवडे चालते. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर क्रिएटिनिनवर (किडनीची रक्ततपासणी) लक्ष ठेवा. काही पेशंटला पुढं गोळ्यांवर आणतात, पण ते डॉक्टर ठरवतील, अण्णा नाही 😀

जुळे_सोलापूर_ताई:
आणि पुढं कधी दात काढायचा झाला तर व्हॉल्व्हचं आधी सांगा, परत व्हॉल्व्हला इन्फेक्शन नको म्हणून तासभर आधी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा एक डोस देतात. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

होटगीरोडकर:
पिक लाइन उद्या बसवणार आहेत. अण्णांना सासूबाईंचं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, पण चप्पल परत कॉटखाली सरकवली.