मदत हवी आहे: नव्या रीफ (प्रवाळांच्या) टाकीत केसाळ शेवाळ

नमस्कार मंडळी, ठाण्यात घरी १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावून नऊ आठवडे झाले. सुरुवातीला वाळूवर डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) तपकिरी थर आला, तो आपोआप गेला. आता खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. बोटभर लांब धागे, दुपारी टोकांना बारीक बुडबुडे. प्रवाळासारख्या झोअँथिडवरही चढलंय; त्याच्या कडेचे पॉलिप (फुलासारखे उमलणारे जीव) चार दिवस मिटलेलेच आहेत, बघवत नाही.

घनता १.०२५, तापमान २६, नायट्रेट २०, फॉस्फेट ०.२५. मासे म्हणजे दोन क्लाउनफिश, खाणं दिवसातून एकदाच. पाणी पिण्याच्या आरओचं. काल त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजला तर ३८! पाण्यात परत क्षार मिसळणारं मिनरल कार्ट्रिज आहे त्यात, हे लक्षातच आलं नव्हतं. मला तरी शेवाळाचं मूळ तिथेच वाटतंय.

टूथब्रशने घासून, हाताने उपटून बघितलं, आठवड्यात पुन्हा तेच. दिवे दहा तासांवरून सात तासांवर आणलेत, दर रविवारी १५ टक्के पाणी बदलतो.

आधी डीआय रेझिन (पाण्यातले उरलेले क्षार काढणारं) बसवू की सोबतच फॉस्फेट रिमूव्हरही टाकू? फॉस्फेट एकदम शून्यावर गेलं तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे त्रासदायक सूक्ष्मजीव) येतात, त्याची धास्ती आहे. आणि एवढ्या टाकीला टर्बो गोगलगायी किती पुरतील? शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरायला नकोत. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.