शब्दचर्चा: व्यासपीठावरच्या नम्रतेला काय म्हणावं?

पोथीवाचक
दिवाळी अंकासाठी एक लेख तपासतोय. विषय: बुवा-महाराजांची जाहीर बोलण्याची ढब. लेखकाने एकाच परिच्छेदात चारदा 'नम्र' वापरलाय आणि जिथे अडलं तिथे 'इगो' घातलाय. एक प्रसंग असा: सिंहासनासारखी खुर्ची, मागे स्वतःचाच भलामोठा फोटो, नावाआधी दोन ओळी बिरुदं. माईक हातात आला की पहिलं वाक्य, 'मी तर तुम्हा सर्वांच्या पायाची धूळ'. या बोलण्याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'ढोंगी' म्हटलं की निकालच लागला. मला निकाल नकोय, वर्णन हवंय.
उलट टोकाचाही शब्द हवाय. फटकळ बोलणारा, पाया पडायला गेलं तर खेकसणारा, पण स्वतःसाठी काही न ठेवणारा. त्याच्या बोलण्याला लेखकाने 'अहंकारी शैली' म्हटलंय. ते मला खटकतं.

चौकटराजा
दांभिक. पुढचा प्रश्न.

पोथीवाचक
दांभिकही निकालच झाला की! तो माणूस खरंच तसं मानत असेल तर? खुर्ची आयोजकांनी ठेवलेली असते.

चौकटराजा
बिरुदंही आयोजकच लावतात बहुतेक. आणि फ्लेक्सवर फोटो? तोही आपोआप उगवतो.

तिसरा कप
'इगो' काढायची घाई करू नका. त्याची क्रियापदं वेगळी आहेत. इगो दुखावतो, आडवा येतो, कुरवाळावा लागतो. अहंकार होतो, चढतो, गळून पडतो. तो सहसा दुखावत नाही. ताठा असतो आणि मोडतो. माज येतो आणि दुसऱ्या कुणीतरी उतरवावा लागतो. गर्व होतो, आणि त्याचं घर कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे 'महाराजांचा इगो दुखावला' हे वाक्य मराठीत बसतं, कारण तिथे मानापमानाचं भांडण आहे. 'महाराजांचा अहंकार गळाला' हेही बसतं, पण ती वेगळ्याच पातळीवरची गोष्ट आहे. लेखकाने दोन्ही एकाच पोत्यात भरलं असेल तर कात्री चालवा.

निरूपणकार
तिसरा कप यांनी मानापमान म्हटलं, तिथूनच पुढे जातो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सुरू होतात ती 'अमानित्वमदम्भित्वम्' अशी. पहिल्या दोन जागा याच विषयाला दिल्यात आणि दोघांत फरक केलाय. आज आपण दोन्हींना 'नम्रता' म्हणतो. विनोबांच्या गीताईतही पहिला शब्द 'नम्रता' असाच आहे, 'नम्रता दंभ-शून्यत्व'. कदाचित छंदाची सोय असेल. पण अमानित्व म्हणजे वाकून बोलणं नव्हे. लोक जो मान देतात त्याचं तुम्ही काय करता, असा तो प्रश्न आहे.
ज्ञानदेवांनी हे काय खुलवलंय! अशा माणसाला संभावितपणाचं ओझं वाटतं. कुणी त्याचे असलेलेच गुण वानले तरी

तैं गजबजों लागे कैसा । व्याधें रुंधला मृगु जैसा ।
कां बाहीं तरतां वळसा । दाटला जेवीं ॥

व्याधाने कोंडलेलं हरीण. हातांनी पोहत असताना भोवऱ्यात सापडलेला माणूस. स्तुती ऐकताना असं व्हायला हवं. पुढे आहे, 'पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी'. आणि मग माझी सगळ्यात आवडती ओवी:

वाचस्पतीचेनि पाडें । सर्वज्ञता तरी जोडे ।
परी वेडिवेमाजीं दडे । महिमेभेणें ॥

बृहस्पतीइतकं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या भीतीने वेडेपणात दडून बसतो. त्याच्या पुढेच 'पिसेपण मिरवी' असं आहे. 'मिरवणे' हे क्रियापद त्यांनी इथे वापरावं, ही मौज बघा. मिरवायचंच तर वेड मिरवतो.
यात 'मी धूळ आहे' असं बोलणं कुठेच येत नाही. बोलण्याचा प्रश्नच नाही इथे.

तिसरा कप
आणि अदंभित्व?

निरूपणकार
म्हणजे आपलं चांगलं कर्म मिरवायचं नाही, झाकायचं. तिथे दृष्टांतांची रांग आहे. जीव गेला तरी पुरलेलं धन न सांगणारा लोभी, आलेला पान्हा चोरणारी खडाण गाय, पेरलेलं बी मातीने झाकणारा शेतकरी. यातला एकही दृष्टांत सात्त्विक चेहऱ्याचा नाही, लोभ्याचा आणि खडाण गायीचा आधार घेतलाय. सद्गुण समजावताना इतकी बेफिकीर उदाहरणं आजचा प्रवचनकार घेणार नाही.

शब्दकोडं
पोथीवाचक, तुम्हाला हवा असलेला शब्द मराठीत तयार आहे: मानभावी. वरून गोड, लीन. आत काय ते देव जाणे. 'मानभावी चेहरा', 'मानभावीपणाने म्हणाला'. ढोंगीपेक्षा सौम्य आणि चित्रमय. म्हणही आहे, 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची'.

चौकटराजा
वा. मिळाला शब्द, उठा.

रिद्धपूर फाटा
थांबा जरा. हा शब्द घालण्याआधी तो कुठून आला ते पाहा. 'मानभाव' म्हणजे 'महानुभाव'. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा पंथ. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो लीळाचरित्र याच पंथाचा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंथाचं आहे. एकमेकांना भेटलो की आम्ही 'दंडवत प्रणाम' म्हणतो. साधू भिक्षा मागून राहणारे, हळू बोलणारे, अहिंसेचा कडक नेम पाळणारे. वर्णाश्रमाची चौकट न मानणाऱ्या या लोकांविषयी समाजात संशय होता, आणि त्या संशयाने त्यांच्या मवाळ बोलण्यालाच लबाडीचा पुरावा ठरवलं. 'हे इतकं गोड बोलतात म्हणजे आत काहीतरी काळंबेरं असणारच.' पंथाचं नावच शिवी झालं. तुमची ती म्हण मी शाळेत निबंधात लिहिलेली पाहिली आहे, वर्गात कुणालाच काही वाटलं नाही.
म्हणजे बघा, या शब्दाच्या पोटातच तुमच्या लेखाची चूक बसली आहे: बोलण्याच्या सुरावरून माणूस जोखायचा.

शब्दकोडं
व्युत्पत्ती माहीत होती, पण आता बोलणाऱ्याच्या मनात पंथ नसतो हो. शब्द सुटा झालाय.

रिद्धपूर फाटा
बोलणाऱ्याच्या मनात नसतो, ऐकणाऱ्याच्या असतो.
निरूपणकारांनी 'वेडिवेमाजीं दडे' सांगितलं त्यावरून आठवलं. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू, म्हणजे रिद्धपूरचे गुंडम राऊळ. त्यांच्या चरित्रात ते लहान मुलासारखे, पिशासारखे वागताना दिसतात. खेळतात, रुसतात, कुणाच्याही घरात शिरतात. लोक त्यांना वेडं म्हणत, आणि तेच लोक 'राऊळ माय, राऊळ बाप' असंही म्हणत. त्यांच्या वागण्याला नम्र म्हणणार का गर्विष्ठ? दोन्ही शब्द तिथे लागूच पडत नाहीत.

पोथीवाचक
'मानभावी' बाद. धन्यवाद, हे मला खरंच हवं होतं. 'वरपांगी' कसा वाटतो? 'वरपांगी नम्रता'.

तिसरा कप
चालेल. त्यात आतलं काय याचा निकाल नाही, फक्त हे वरचं आहे एवढंच. पण त्याहून नेमकं हवं तर शब्द सोडून व्याकरण पाहा. व्यासपीठावरच्या नम्रतेचं स्वतंत्र व्याकरण असतं. 'मी मंदिर बांधलं' असं कुणी म्हणत नाही. 'माझ्याकडून ही सेवा घडली', 'महाराजांनी करवून घेतली', 'मी निमित्तमात्र'. कर्ता गायब, क्रियापद 'घडणे'. मग शेवटी पावतीपुस्तकावर, कोनशिलेवर आणि देणगीच्या फलकावर तोच कर्ता ठळक अक्षरांत परत येतो.
आणि याच व्याकरणाचा अस्सल नमुनाही आहेच. 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा कृपावंत वाचा त्याची ॥ साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धनी वेगळाचि ॥' रचना तीच, पण तुकोबांच्या नावाची कोनशिला त्यांनी बसवलेली नाही.

चौकटराजा
तुकोबा नम्र? 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास । कठिण वज्रास भेदूं ऐसे' हे काय आहे मग? आणि भोंदूंना दिलेल्या शिव्या?

तिसरा कप
तिथला 'आम्ही' ऐका. तो राजाचा किंवा मठाधिपतीचा आदरार्थी आम्ही नाही, विष्णुदासांचा मेळा आहे. आजचे स्वामी 'आम्ही उद्या नाशिकला जाणार' म्हणतात तेव्हा गाडीत एकच माणूस बसलेला असतो. (बरं, चालक धरून दोन.)

निरूपणकार
ज्ञानदेवांचंही तसंच. 'न्यून ते पुरते, अधिक ते सरते' करून घ्या अशी श्रोत्यांना विनवणी, आणि तोच माणूस म्हणतो की माझा मराठी बोल अमृताशी पैज जिंकेल. पैज बोलाची आहे, बोलणाऱ्याची नाही.

शब्दकोडं
बिरुदांकडे या ना कुणीतरी. 'समर्थ' घ्या. 'समर्थाचिया सेवका वक्र पाहे । असा सर्व भूमंडळीं कोण आहे', मनाच्या श्लोकातलं. इथे समर्थ कोण? राम. 'जय जय रघुवीर समर्थ' यातही समर्थ रघुवीरच. स्वतःचं नाव रामदास, आणि कवितेत सही 'दास'. पुढे लोकांनी धन्याचं विशेषण उचलून दासाला लावलं, आणि आता 'समर्थ' म्हटलं की आपल्याला रामदासच आठवतात. ज्या माणसाने दासबोधातल्या मूर्खलक्षणांत 'आपली आपण करी स्तुति' हे लक्षण घातलं, त्याच्यावर ही वेळ.
तुकडोजी महाराजांचंही पाहा. भजनात सही 'तुकड्यादास', म्हणजे भिकेचा तुकडा. आणि आपण म्हणतो 'राष्ट्रसंत'. मला यात गैर वाटत नाही, लोकांनी प्रेमाने दिलंय. फरक पडतो तो बिरुद कुठून सुरू झालं यावर. ते माणसाच्या मागून आलं की त्याच्या लेटरहेडवरून?

पोथीवाचक
आणि नावाआधीच्या 'श्री'पुढचे १०८, १००८?

शब्दकोडं
'श्री' तितक्या वेळा म्हटला असं समजायचं, लिहायचा कंटाळा म्हणून आकडा. उत्तरेकडे एक जुना दोहा आहे, पत्रात कुणाला किती 'श्री' लिहावे त्याचा. त्यात गुरूला सहा पुरतात. सहावरून १००८ वर आपण कधी आलो ते विचारू नका. आपल्याकडचं 'ह.भ.प.' त्या मानाने साधं. 'हरिभक्तपरायण', म्हणजे फक्त 'भक्तीला लागलेला'. ती पदवी नाहीच खरं तर, कीर्तनाच्या पत्रिकेने तिची पदवी केली.

वऱ्हाडी ठेचा
तुमच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं, म्हणून लिहितो. गाडगेबाबा. कपडे चिंध्यांचे, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. कीर्तनात लोकांना सरळ फैलावर घ्यायचे: कर्ज काढून सण करता का, पोराला शाळेत घालता का, देवाला बकरं कापता का. पाया पडाले आलेल्यावर काठी उगारायचे. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, हे त्यायचं सांगणं. पंढरपूर, आळंदी, नाशिकले धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः तिथं मालक म्हणून नाही राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीले देऊन टाकली.
आता सांगा, हा माणूस 'नम्र' होता का? आमच्याकडे कोणी त्यायले नम्र म्हणत नाही. हा शब्दच पुरत नाही.

पोथीवाचक
बरोबर हेच. याला 'अहंकारी शैली' म्हणणाऱ्या लेखकाला मी काय सुचवू?

तिसरा कप
परखड, रोखठोक, फटकळ, सडेतोड, तिखट. हे सगळे बोलण्याचे गुण आहेत. स्वभावाचा शब्द वेगळा लावा: निगर्वी. मुंबईत खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज असेच होते. घराच्या माळ्यावर लोक जमत, परदेशातूनही येत, महाराज मराठीत बोलत आणि कुणीतरी भाषांतर करे. आवाज चढलेला, हातात विडी, कुणी पाठ केलेलं तत्त्वज्ञान बोलू लागला की त्याला तिथेच गप्प करत. त्यांच्या बोलण्यात 'मी'ची सतत चर्चा. 'मी आहे' हीच जाणीव धरून बसा, असं त्यांचं सांगणं. म्हणजे 'मी' शब्द सगळ्यात जास्त वापरणारा माणूस, आणि 'मीपणा' त्याच्या बोलण्यात शोधावा लागेल. मराठीला 'मी' आणि 'मीपणा' असे दोन शब्द आहेत हे किती बरं आहे.

चौकटराजा
पण मग कुणीही उर्मट बाबा म्हणेल, मी गाडगेबाबांसारखा परखड. शिव्या देणाऱ्या बाबांचीही एक बाजारपेठ आहे. लोक खास शिव्या खायला जातात, प्रसाद म्हणून.

निरूपणकार
आहेच. म्हणूनच सूर मोजून उपयोग नाही. मान येतो तेव्हा तो कुठे जातो ते बघा. गाडगेबाबांकडे आलेला पैसा धर्मशाळेत गेला. पाया पडणं काठीने अडवलं गेलं. शिव्या देणाऱ्या तुमच्या बाबाचे पाय कुठल्या चौरंगावर असतात?

चौकटराजा
चांदीच्या. मान्य.

रिद्धपूर फाटा
एक उपप्रश्न. लेखात 'संप्रदायाचा गर्व' असं काही आहे का? हल्ली 'गर्व आहे' सर्रास दिसतं. हिंदीत गर्व चांगला आणि अभिमान वाईट. मराठीत बरोबर उलटं.

निरूपणकार
आजच्या मराठीत उलटं. संतांच्या मराठीत अभिमानही वाईटच होता. 'वर्णअभिमान विसरली याती । एकएकां लोटांगणीं जाती'. चंद्रभागेच्या वाळवंटातलं हे वर्णन. वारीत आजही बुवा आणि साधा वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, दोघेही 'माउली'. एकाच बाजूने वाकणं तिथे नाही. अभिमान चांगल्या अर्थाने वापरायला लागलो तसा वाईटासाठी 'दुरभिमान' करावा लागला.

पोथीवाचक
लेखात 'परंपरेचा गर्व' आहे. 'अभिमान' करतो.
पहिला परिच्छेद असा करतोय: 'व्यासपीठावर त्यांची भाषा अतिनम्र असते, सत्कार मात्र ते निवांत बसून पूर्ण करून घेतात.' विशेषणाने निकाल दिला नाही. दुसरीकडे 'अहंकारी शैली' काढून 'फटकळ पण निगर्वी'.

तिसरा कप
'पण' काढा. फटकळ आणि निगर्वी यांत विरोध कुठे आहे?

पोथीवाचक
काढला. 'फटकळ, निगर्वी'.

चौकटराजा
आणि लेखकाचा इगो दुखावला तर आम्हाला सांगू नका.