गेम ऑफ थ्रोन्स: शेवट चुकला की घाईत उरकला?

आडोसा (धागाकर्ता)

शेवटपर्यंतचे सगळे स्पॉयलर आहेत. मालिका न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

ड्रॅगनवाल्या डॅनेरिस राणीने राजधानी किंग्ज लँडिंग जाळली म्हणून शेवट वाईट, हे मला पटत नाही. त्याची पेरणी पहिल्या सीझनपासून आहे. सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात आणि ती शांतपणे बघते. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात तिला भासात छप्पर उडालेला दरबार दिसतो, वरून पांढरं काहीतरी पडतंय. तेव्हा ते बर्फ वाटलं, ती राख होती हे आठव्यात कळलं. चौथ्यात मीरीनच्या १६३ मालकांना ती खांबांवर ठोकते, सातव्यात शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकांना ड्रॅगनकडून जाळते.

घोळ झाला तो भागांच्या हिशेबात. पहिले सहा सीझन प्रत्येकी १० भागांचे, सातवा ७, आठवा ६. एचबीओ वाहिनीची आणखी भाग करायची तयारी होती, बेनिऑफ आणि वाइस या निर्मात्यांनीच नको म्हटलं. त्या ६ भागांत मृतांच्या फौजेशी विंटरफेलची लढाई, जॉन हाच गादीचा खरा वारस हे त्याच्या जन्माचं गुपित फुटणं, सिंहासनावरच्या सर्सीचा पाडाव, डॅनेरिसचं बिथरणं, तिचा खून आणि नवा राजा, एवढं सगळं कोंबलं. चौथ्या भागाच्या उत्तरार्धात तिचा दुसरा ड्रॅगन मरतो आणि तिच्या सखीचं, मिसांडेचं मुंडकं उडतं. पाचव्यात शहर घंटा वाजवून शरण येतं आणि ती जाळत सुटते. एवढ्या मोठ्या पात्राला खचायला जेमतेम भागभर मिळाला.

हाच शेवट आणखी १० भाग घेऊन आला असता तर एवढी बोंब झाली नसती.

निंबोणी

असहमत. भाग कमी होते, पण मिनिटं तेवढी कमी नव्हती. आठव्याचे शेवटचे चारही भाग ७८ ते ८२ मिनिटांचे, सहाही मिळून सात तासांच्या वर. आधीचे सीझन साधारण नऊ तासांचे. ही काही निम्म्याने कपात नव्हे. मिनिटं गेली कुठे ते बघा. तिसरा भाग ८२ मिनिटांचा, जवळपास सगळी विंटरफेलची लढाईच. त्यासाठी ५५ रात्री बाहेर शूटिंग केलं आणि पडद्यावर निम्म्या लोकांना काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

शिवाय मालिकेने स्वतःचेच नियम मोडले, ते वेळेअभावी नाही. चौथ्या भागात सर्सीच्या बाजूच्या युरॉनच्या जहाजांवरून सुटलेले तीन भाले उडत्या ड्रॅगनला लागोपाठ लागतात. पाचव्यात तशीच यंत्रं जहाजांवर आणि तटावर ओळीने मांडलेली, पण एकही भाला लागत नाही. त्यावर भागानंतरच्या चित्रफितीत निर्मात्यांचा खुलासा काय, तर डॅनेरिसला त्या आरमाराचा विसर पडला! असं लिहिणाऱ्याला १० भाग जास्त दिले तर तो १० भाग जास्त चुका करेल.

कासराभर

दोघेही पडद्यावरच भांडताय, दुखणं कागदावरचं आहे. मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेतली त्यांतली पाचवी २०११ सालची, मालिका सुरू झाली तेच वर्ष. सहावी अजून यायची आहे. कादंबरीकार मार्टिन यांनी शेवटाचे ठळक टप्पे निर्मात्यांना सांगून ठेवले होते, मधला रस्ता यांनी स्वतः बांधला. आणि तो बांधताना ज्या फांद्या आधीच छाटल्या होत्या त्यांचीच गरज पडली.

पाचव्या कादंबरीत स्वतःला डॅनेरिसच्या मेलेल्या थोरल्या भावाचा, रेगारचा मुलगा म्हणवणारा एगॉन सैन्य घेऊन वेस्टेरॉसमध्ये उतरतो. म्हणजे डॅनेरिस पोचण्याआधीच तिथे सिंहासनाचा दुसरा दावेदार उभा आहे. मालिकेत तो नाहीच. मग ते ओझं जॉनवर टाकलं, ज्याला राज्यच नकोय. ज्याला गादी नको त्याच्या भीतीने राणी शहर जाळते, हे प्रेक्षकाच्या गळी कसं उतरणार? नवा राजा झालेल्या ब्रॅनचंही तेच. अख्ख्या पाचव्या सीझनमध्ये तो नाही, आणि शेवटी त्याची गोष्ट सर्वांत थोर म्हणून मुकुट त्याला.

मठ्ठा

कासराभर, म्हणजे लेखकाला शेवट पक्का माहीत असता तर सगळं सुरळीत झालं असतं? मग 'हाउ आय मेट युअर मदर' बघा. त्यात टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगत असतो. मुलं मोठी दिसू नयेत म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या सीझनच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता. मालिका चालली ९ सीझन, २०८ भाग. मधल्या काळात बार्नी आणि रॉबिनची जोडी लोकांना आवडली, नवव्यातला बहुतेक काळ त्यांच्या लग्नाच्या एका वीकेंडवर घालवला, आईच्या भूमिकेतल्या क्रिस्टिन मिलिओटीनेही मन जिंकलं. आणि शेवटच्या भागात घटस्फोट उरकला, आईला मारलं, टेडला रॉबिनच्या दारात नेऊन उभं केलं. का, तर रीळ तयार होतं! पुढे डीव्हीडीवर आई जिवंत राहते असा पर्यायी शेवट द्यावा लागला.

निंबोणी

मठ्ठा +१. उलट बाजूने 'लॉस्ट', विमान कोसळून बेटावर अडकलेल्यांची मालिका. २००७ च्या मे महिन्यात वाहिनीने जाहीर केलं की आणखी ४८ भाग, मग समाप्त. म्हणजे तीन वर्षं आधी मुदत हातात होती. तरी २०१० मध्ये लोक चिडलेच. त्यात श्रेयनामावलीवर विमानाच्या अवशेषांची दृश्यं टाकायची अवदसा वाहिनीला आठवली. त्यामुळे सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते, असा समज पसरला. कथेत तसं नाही. नायक जॅकचे वडील शेवटी स्पष्ट सांगतात की बेटावर घडलं ते खरं होतं.

आडोसा

निंबोणी, भाल्यांचा मुद्दा मान्य. पण सर्सीचा भाऊ आणि प्रियकर जेमीचं काय? तिसऱ्या सीझनच्या हमामात तो ब्रिएन या लढवय्या स्त्रीला सांगतो, मी आधीच्या राजाला मारलं कारण तो शहर जाळणार होता. आठव्याच्या पाचव्या भागात तोच माणूस डॅनेरिसचा सल्लागार असलेल्या आपल्या भावाला, टिरियनला म्हणतो, लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हतीच. तो सर्सीकडे परतेल हे मला चालतं, व्यसन आहे ते. पण परतायचा निर्णय होतानाचं काहीच दाखवलं नाही. वेळेअभावी होतं ते असं.

कासराभर

वेळ नव्हे, ते एकच वाक्य काढा. परतीला हरकत नाही, त्या वाक्याने सहा सीझनची कमाई पुसली. वाक्य गाळायला भाग वाढवावा लागत नाही.

पाणंद

एवढा वाईट सीझन, तर त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार कसा मिळाला? की नवा सीझन लिहा म्हणून अर्जावर सह्या करणारे दहा लाखांहून जास्त लोकच तेवढे शहाणे?

मठ्ठा

पाणंद, एमीला मत देणारे त्याच धंद्यातले. ५५ रात्रींची मेहनत त्यांना दिसते, सह्या करणाऱ्यांना जेमी दिसतो.

आडोसा, ते १० जादा भाग नेमके कुठे घालणार, सांगा पाहू.

आडोसा

१० कशाला, चारांत भागेल. दोन विंटरफेलच्या लढाईनंतर: उत्तरेतले सरदार जॉनभोवती गोळा होतात, डॅनेरिस एकटी पडते. एक वेढ्याचा: शहरात उपासमार, सर्सी लोकांना पुढे करते, टिरियनचा सल्ला पुन्हा फसतो. चौथा घंटांनंतर, जाळपोळ आणि खून यांच्यामध्ये. जॉनला तिला मारायचं ठरवायला सध्या टिरियनशी एक संभाषण पुरतं.

निंबोणी

वेढ्याचा भाग घेतला तर घंटा वाजायची गरजच उरत नाही. उपाशी शहर आतूनच दार उघडेल. मग ती जाळेल कशासाठी?