मदत हवी आहे: सिकलसेलमध्ये सीटीसीचं सीएसी होतं की जीएजीचं जीयूजी?

धानवाला

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण कॉमर्सचं, राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

भाची बारावी सायन्सला आहे. परवापासून एकाच गणितावर अडून बसली आहे आणि माझं डोकं खाऊन राहिली आहे. प्रश्न असा: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात डीएनएत सीटीसी या तीन अक्षरांच्या जागी सीएसी येतं, तर प्रथिनातलं अमिनो आम्ल कोणतं बदलेल? तिने संकेतांचा तक्ता काढला. टीच्या जागी यू वाचायचं हे तिला माहीत आहे, म्हणून सीयूसी शोधलं, आलं ल्युसिन. सीएसी शोधलं, आलं हिस्टिडिन. म्हणजे ल्युसिनचं हिस्टिडिन. उत्तर मात्र दिलंय ग्लुटामिक आम्लाचं व्हॅलिन! क्लासच्या नोट्समध्ये तर जीएजीचं जीयूजी होतं असं लिहिलंय, सीटीसीचा पत्ताच नाही. तक्ता आम्ही दोघांनी तीनदा बघितला. चूक कुठे होते आहे?

आणखी एक. एका ठिकाणी हा बदल सहाव्या जागी म्हणतात, दुसरीकडे सातव्या. नक्की कितवं?

उगाचच

छपाईची चूक असेल. गाइडमध्ये असले घोळ नेहमीचेच. पाठ करून टाका, ग्लुटामिक आम्लाचं व्हॅलिन.

रायबोझोमताई

उगाचच, छपाईची चूक नाही. दोन्ही बरोबर आहे. धानवालादादा, तुमच्या टेबलावर मिलचा रबरी शिक्का असेलच. त्यावरची अक्षरं उलटी असतात, कागदावर उमटतात तेव्हा सरळ दिसतात. शिक्क्याकडे बघून कोणी मिलचं नाव वाचत नाही. भाची नेमकं तेच करते आहे.

डीएनएला दोन पट्ट्या असतात. दहावीच्या पुस्तकात प्रतिलेखन वाचलं असेल, ते दोन्हींपैकी एकाच पट्टीवरून होतं. तिला साचा पट्टी म्हणतात. त्यावरून जी नक्कल उमटते ती एम-आरएनए, आणि प्रथिन तिच्यावरून बनतं. साच्यावर सी असेल तर एम-आरएनएवर जी, जी असेल तर सी, टी असेल तर ए, ए असेल तर यू. साच्यावरच्या सीटीसीवरून एम-आरएनएवर जीएजी उमटतं, आणि सीएसीवरून जीयूजी. तक्ता एम-आरएनएचा आहे, डीएनएचा नाही. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, जीयूजी म्हणजे व्हॅलिन. झालं.

वहीत एकाखाली एक लिहून घ्या, बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या, जनुकाची ही खरी सुरुवात आहे:

साचा: टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी
एम-आरएनए: एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू सीसीयू जीएजी जीएजी
अमिनो आम्ल: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक

शेवटून दुसरं सीटीसी, त्यातल्या टीचा ए होतो. एवढंच.

आता भाचीला एक सावधगिरी सांगा. सीएसी आणखी एका ठिकाणी भेटेल. व्हॅलिन वाहून आणणाऱ्या टी-आरएनएवर जी तीन अक्षरं असतात, तीही जीयूजीला जुळणारी म्हणजे सीएसीच. तिथेही ती तक्त्यात शोधायला जाईल आणि पुन्हा हिस्टिडिन हाती येईल.

सहा की सात? वरच्या ओळीत मोजा. एयूजी धरून मोजलं तर बदल सातव्या त्रिकात, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात आहे. पण साखळी तयार होत असतानाच पहिलं मेथिओनिन छाटलं जातं आणि रक्तातल्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं उरतात. त्यात व्हॅलिन पहिलं, म्हणून बदल सहावा. व्हर्नन इनग्रॅमने केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली हा फरक शोधला तेव्हा जनुक वाचायची सोयच नव्हती. कोणतं त्रिक कोणत्या अमिनो आम्लाचं, याचा पहिला उलगडा १९६१ चा. इनग्रॅमने प्रथिनाचे तुकडे करून ते पडताळले, म्हणून मोजणी प्रथिनाची. जनुकाचे आजचे रिपोर्ट एयूजीपासून मोजतात, म्हणून तिथे सात. फक्त जपून: जुन्या मोजणीतल्या सातव्या जागीसुद्धा ग्लुटामिकच आहे, पण तो शेजारी. त्याला काही झालेलं नाही.

धानवाला

ताई, कमाल! शिक्क्याचं उदाहरण ऐकून भाचीने माझ्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि वहीवरच मारला. आता ती म्हणते, आधी कोणी असं का सांगितलं नाही.

आता माझा स्वतःचा प्रश्न. आमच्या गडचिरोलीकडे सिकलसेलच्या तपासण्या होतात. शिबिरात माझं रक्त घेतलं, रिपोर्ट एएस आला, म्हणजे एक जनुक चांगलं (ए) आणि एक सिकलचं (एस). त्रास काही नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या अर्ध्या पेशी चांगल्या, अर्ध्या सिकलच्या. पण दोन्ही जनुकं प्रत्येक पेशीत असतील तर हे कसं?

निवांत

तसं नाही, दादा. मी लॅबमध्ये काम करतो, हा गैरसमज रोज ऐकतो. बीटा ग्लोबिनच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. लाल पेशी मज्जेत तयार होताना दोन्ही प्रतींवरून एम-आरएनए निघतो. प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोमला कळत नाही कोणता चांगला, कोणता बदललेला. समोर जीएजी आलं की ग्लुटामिक, जीयूजी आलं की व्हॅलिन. त्यामुळे तुमच्या प्रत्येक लाल पेशीत ए आणि एस दोन्ही हिमोग्लोबिन आहेत. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, त्यात सरमिसळ.

निम्मं-निम्मं मात्र नसतं. एएस माणसात एस साधारण ३५ ते ४० टक्के दिसतं, कारण हिमोग्लोबिनमधली दुसरी, अल्फा साखळी साध्या बीटाशी जास्त सहज जुळते. म्हणूनच पेशी सहसा वाकड्या होत नाहीत.

रिपोर्ट जपून ठेवा. मुलं व्हायची असतील तर बायकोचीही तपासणी करा. दोघं एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल ठीक निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, हे लोकांना पटवता पटवता माझे केस पिकले.

धानवाला

बायकोची तपासणी झाली आहे, एए. जीव भांड्यात पडला होता तेव्हाच.

भाचीने मात्र तुमच्याच ओळीत खोट काढली, ताई. म्हणते, साखळीत पहिल्याच जागी जीयूजी आहे, म्हणजे व्हॅलिन आहे. ते सगळ्यांच्याच रक्तात. मग सहाव्या जागीच आलं तर एवढं काय बिघडलं?

रायबोझोमताई

पोरगी हुशार आहे! व्हॅलिन वाईट नाही, जागा वाईट आहे. हिमोग्लोबिनचा रेणू घडी पडून गोळ्यासारखा होतो, आणि सहावी जागा त्या गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला येते. तिथे मूळ ग्लुटामिक आम्ल असतं, त्यावर ऋण भार, पाण्याशी त्याचं छान जमतं. व्हॅलिनचं पाण्याशी जमत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर रेणूचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या बीटा साखळीत एक खळगा उघडा पडतो, फिनिलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामधला. सहाव्या जागेवरचं व्हॅलिन त्या खळग्यात चपखल बसतं. मग त्याला दुसरा रेणू, त्याला तिसरा, असे लांब दोर वळले जातात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. पहिल्या जागेवरचं व्हॅलिन साखळीच्या टोकाला आहे, ते त्या खळग्यात जाऊन बसत नाही.

धानवाला

तिने वाचलं. "मग ऑक्सिजन परत मिळाला की दोर सुटतात का?" असं विचारते आहे. मी सांगितलं, धाग्यावर विचारून ठेवतो, तू जेव आधी.

निवांत

सुटतात. पण पुन्हा पुन्हा तसं झालं की पेशीचं आवरणच कडक होतं, मग ती सरळ होत नाही. जेवू द्या तिला.