शेजाऱ्यांकडून जमिनीची पट्टी घ्यायची आहे, वकिलाचा खर्च किती रास्त? मदत हवी आहे

आमच्या कुंपणाला लागून शेजाऱ्यांची एक अरुंद पट्टी पडून आहे. गाडी आत वळवायला आम्हाला ती हवी आहे, त्यांना तिचा उपयोग नाही. किंमत तोंडी ठरलीही. मग वकिलाने खर्चाचा अंदाज दिला आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला अशी गत झाली.

अंदाजात सगळा मिळून एकच आकडा आहे. फोड मागितली तर चालते ना? शेजाऱ्यांच्या वकिलाची फीही आम्हीच द्यावी असं ते सुचवतात. मग दोघांत एकच वकील का नको? शिवाय त्यांच्या घरावर कर्ज चालू आहे. ते म्हणतात, "हप्ते वेळेवर जातात, बँकेला मध्ये कशाला घ्यायचं?"

साध्या कागदावर सह्या करून मोकळे व्हा, हा सल्ला घरातूनच मिळाला आहे. तो कृपया नको.

प्रतिसाद

फोड जरूर मागा, तीही लेखी. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी हे पैसे सरकारजमा होतात, त्यात घासाघीस नाही. वकिलाच्या स्वतःच्या फीबद्दल मात्र बोलता येतं. तासावर आकारणार असेल तर कमाल रक्कम लिहून घ्या. पट्टी लहान म्हणून काम लहान होत नाही. मालकीचा शोध, बोजा म्हणजे जमिनीवर कर्ज वगैरे आहे का ते पाहणं, खरेदीखताचा मसुदा हे मोठ्या प्लॉटइतकंच. मोजणी आणि नवा नकाशा अंदाजात धरलाय का तेही विचारा, बऱ्याचदा तो खर्च मागून उगवतो.

बँकेला वगळू नकाच. अख्खा प्लॉट तारण असेल तर तुमची पट्टीही तारणच. तेवढा तुकडा सोडल्याचा बँकेचा कागद हवा, आणि कर्ज त्यांचं असल्याने तो खर्च त्यांनी करावा असं माझं मत. त्यांच्या वकिलाची फी कोणी द्यायची हे ठरवाल तसं. गरज तुमची असल्याने द्यावी लागेलही, पण आकड्याला मर्यादा घाला. एकच वकील स्वस्त पडतो खरा. वाद झाला तर तो वकील कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न उरतो. कर्ज असताना मी तरी तसं करणार नाही.

पट्टीखालून त्यांची पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन जात नाही ना?

धागाकर्ता

जाते! सांडपाण्याची. म्हणजे दुरुस्तीसाठी खोदायचा त्यांचा हक्क खरेदीखतातच लिहायचा, की त्याचा वेगळा करार?